सहाची गोळी

सोपानमामा फेटा बांधण्याआधी समोरच्याच्या डोक्यावर उजव्या हाताची वीत ठेवत आणि निकाल देत. "डोकं लहान हाय, फेटा मोठा बांधू," असं ते एका सभापतींना भर मांडवात म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभा होतो. सभापती खूश झाले. फेटा मोठा, एवढंच त्यांनी ऐकलं असावं. माझ्या डोक्यावर ती वीत पहिल्यांदा पडली शाळेच्या स्नेहसंमेलनात. तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मी नुकताच मराठी शिकवायला आलो होतो आणि पाहुण्यांबरोबर मलाही कुणीतरी चुकून खुर्चीवर बसवलं होतं. मामांनी वीत लावली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डोकं बरं हाय, सर. पन आत लई कोंबलंय. जरा सैल बांधतो."

आमच्याकडे हल्ली फेट्याशिवाय पान हलत नाही. लग्नाला फेटा, वाढदिवसाला फेटा, रस्त्याच्या डांबरीकरणाच्या शुभारंभाला फेटा आणि तोच रस्ता पावसाळ्यात वाहून गेल्यावर पुन्हा शुभारंभाला नवा फेटा. त्यामुळे शिरूरपासून दौंडपर्यंत मामांना मागणी असे. आठ-नऊ मीटर कापड हां हां म्हणता डोक्यावर चढे. शेवटी कपाळाच्या वर चुण्यांचा तुरा उभा राही. तो तुरा हीच मामांची सही होती. मांडवात शंभर फेटे असले तरी मामांनी बांधलेला लांबून ओळखू येई. स्वतः मात्र ते साधी टोपी घालत. विचारलं तर म्हणत, "हलवायानं जिलबी खाऊ न्हाई."

पन्नाशीला आले तेव्हा त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दोन वर्षं शिरूरला डायलिसिसच्या वाऱ्या झाल्या आणि मग मामींनी आपली एक किडनी दिली. मामी म्हणजे त्यांच्या पत्नी. घरच्या शेवंतीचा मळा बघणारी, हार गुंफणारी, मोजकं बोलणारी बाई. पुण्यात ऑपरेशन झालं, किडनी लागली, आणि गोळ्या सुरू झाल्या. शरीर परक्या अवयवाला हाकलून देऊ बघतं, तसं होऊ नये म्हणून या गोळ्या. सकाळी नऊ, रात्री नऊ, जन्मभर. "माझ्या अंगाला बायकूची किडनी पावनी वाटती," मामा सांगत. "तिला घरची मानायला अंग तयार न्हाई. म्हनून त्याला रोज दोनदा समजवायचं."

त्या गोळ्यांची करामत आधी चेहऱ्यावर दिसली. गाल फुगले, मान दिसेनाशी झाली. भूक अशी की मामी भाकरी थापत असतानाच मामा तव्यावरची उचलत. गावाला हा प्रकार फार आवडला. आमच्याकडे गाल वर आले की माणूस सुधारला असं धरतात. जो तो ओट्यावर येऊन म्हणे, मामा, तब्येत भरली की! मामा शांतपणे सांगत की ही भर गोळ्यांची आहे. एकदा व्यासपीठावरच्या मान्यवरांकडे नजर टाकून ते मला हळूच म्हणाले, "सर, मी गोळ्या खाऊन सुजलोय. हे बिनगोळीचं."

चेहऱ्याचं त्यांनी असं हसण्यावारी नेलं. हातांचं मात्र कुणालाच सांगितलं नाही.

नवी किडनी बसून वर्ष झालं आणि तपासणीत किडनी थकल्याचं सांगणारा रक्तातला एक आकडा वर सरकला. पुण्याची डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढी, पण करारी. तिने विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना? मामा म्हणाले, व्हय. पुढच्या महिन्यात आकडा आणखी सरकला. तिने तोच प्रश्न विचारला, मामांनी तेच उत्तर दिलं. कागद वाचून दाखवायला मी बरोबर जात असे, त्यामुळे दोन्ही वेळा मी तिथेच होतो. परत येताना मामा खिडकीबाहेर बघत होते. मामी मला एकच गोष्ट विचारत होत्या, की किडनी गेली तर पुन्हा डायलिसिसच का. मी म्हणालो, हो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ओट्यावर चहा घेत होतो. मामा शेजारीच लग्नाचे फेटे घडी करत बसले होते. मामी धुणं अर्धवट टाकून आल्या. मामांचं उपरणं त्यांच्या हातात होतं आणि त्याच्या टोकाला गाठ होती. त्यांनी ती माझ्यासमोर सोडली. आतून पाण्याने फुगलेली एक कॅप्सूल निघाली. ती त्यांनी माझ्या बशीत ठेवली.

"सर, ह्यांना इचारा, हे काय हाय."

मामा हाताच्या अंतरावर होते, तरी प्रश्न माझ्यामार्फत गेला. मामा घडी घालता घालताच बोलू लागले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊची गोळी घेतली की तासाभरात बोटं कापू लागत, ती बारापर्यंत कापत. आमच्याकडची लग्नं साडेबाराची, म्हणजे फेटे बांधायचे दहा ते बारा. वेढे कसेही बसत, पण तुऱ्याच्या चुण्या बोटांतून निसटत. कासुर्डीच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, काय मामा, सकाळी सकाळीच घेतली का? मांडव हसला. गळ्यात माळ घातल्यापासून ज्याने थेंबाला स्पर्श केला नाही, त्या माणसाला. तेव्हापासून लग्नाच्या दिवशी सकाळची गोळी मामा उपरण्याच्या टोकाला बांधून नेऊ लागले. फेटे झाले, जेवण झालं की घेऊ, असा हिशेब. कधी तीनला घेतली, कधी पाचला, कधी गाठ तशीच राहिली. आणि त्या वर्षी लग्नतिथी भरपूर होत्या.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच त्या थेट मामांशी बोलल्या.

"दिलेलं मी परत मागत न्हाई. पन तुमचा तुरा उभा ऱ्हावा म्हनून माझी किडनी उपाशी ठेवायची व्हय?"

मामांनी घडी बाजूला ठेवली. "उद्या पुन्याला जाऊ," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईने ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. हात कापतात हे त्या गोळीमुळेच, असं तिने सांगितलं, आणि विचारलं की हे वर्षभर का लपवलं? मामांचं उत्तर मला अजून आठवतं. "लपवलं न्हाई, बाई. मला वाटलं रक्त तुमचं काम, आन् हात माझं." तिने रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं, डोस बेताने बदलला आणि वेळ सहा ते सहा करून दिली. सकाळी सहाला घेतली की दहापर्यंत हात बरेचसे स्थिर होतील. मात्र बारा तासांचं अंतर चुकवायचं नाही आणि मनाने काही ठरवायचं नाही. आकडा हळूहळू उतरला. पहिल्या जागी आला नाही, पण थांबला. दुखणं नशिबावर सोडून देणारी आणि देवावर सोडून देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते डॉक्टरला सविस्तर सांगणारी कमी.

थोडं कापणं राहिलंच. त्यावर मामींनी उपाय काढला. जन्मभर शेवंती गुंफलेली बोटं ती; तुऱ्याच्या चुण्या त्या घालू लागल्या. मामा वेढे द्यायचे, मामी तुरा काढायच्या. बाईमाणसाने पुरुषाच्या डोक्याला फेटा बांधायचा म्हणजे काय, अशी कुजबुज झाली. मामांनी ती एका वाक्यात मिटवली. "माझ्या पोटात तिची किडनी चालती, तुमच्या डोक्यावर तिचा तुरा चालंना?"

खरी परीक्षा पाटसजवळ झाली. एका संस्थेच्या सभागृहाचं उद्घाटन होतं. मी भाषणाला होतो, म्हणजे वेळ भरून काढायला. कार्यक्रम चारचा, उद्घाटक साहेब आले पावणेसहाला. तुतारी वाजली, फटाके उडाले, निवेदकाने साहेबांची तुलना हिमालयाशी केली. मामांनी वीत लावली, मामींनी कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं आणि वेढे चढू लागले. निम्मा फेटा झाला असेल, तेवढ्यात मामांच्या खिशातल्या मोबाइलचा गजर वाजला. सहा.

मामा थांबले. उरलेलं चार-पाच मीटर कापड त्यांनी अदबीने साहेबांच्याच हातात दिलं. "साहेब, एवढं धरा. दोन मिन्टं."

कॅमेरे रोखलेले. एका कानावर फेटा, दुसरा कान उघडा, मांडीवर कापडाचा ढीग, अशा अवस्थेत हिमालय बसून होता. संस्थेचे अध्यक्ष धावत आले आणि दात आवळून म्हणाले की गोळी काय, नंतर घेता येईल, आधी फेटा पुरा करा. मामांनी मामींच्या पिशवीतली बाटली घेतली होती. बोटांत गोळी होती. क्षणभर त्यांची नजर उपरण्याच्या टोकाकडे गेली. ती नजर मी पाहिली. मामींनीही पाहिली.

"अध्यक्ष," मामा म्हणाले, "साहेब दोन तास उशिरा आले, तवा आमी काय बोललो का? आता साहेब दोन मिन्टं बसतील."

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायलं, बाटलीचं झाकण नीट लावलं आणि परत येऊन वेढा जिथे सोडला होता तिथून पुढे चालू केला. साहेबांनी गोळी कसली म्हणून विचारलं. मामांनी मामींकडे बोट दाखवलं. "हिची किडनी हाय माझ्याकडं. तिच्या जेवनाची येळ झाली होती." साहेब मनापासून हसले. त्या दिवशीच्या सगळ्या समारंभात मनापासून झालेली तेवढी एकच गोष्ट.

मी निवृत्त होऊन दौंडला मुलीकडे राहायला निघालो तेव्हा शाळेने निरोप समारंभ ठेवला. फेटा नको असं मी तीनदा सांगितलं, म्हणून फेटा आलाच. कार्यक्रम सकाळी साडेसातचा होता. मामींनी त्या दिवशी शेवंतीची तोड धरली होती, त्यामुळे मामा एकटेच आले. माझ्या डोक्यावर वीत ठेवली, क्षणभर थांबले. म्हणाले, "जरा रिकामं झालंय. चांगलं हाय."

वेढे चढले आणि तुऱ्याची वेळ आली. बोटं कपाळाशी थरथरत होती. मला ते कानाच्या पाळीपर्यंत जाणवत होतं. पहिल्या रांगेतली मुलं टक लावून बघत होती. चुणी एकदा सुटली, दोनदा सुटली. मी हळूच म्हणालो, मामा, तुरा राहू द्या. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर धरले. मुलांना दिसतील असे. लपवले नाहीत.

"कापत्यात, सर," ते समाधानाने म्हणाले. "म्हंजी सहाची गोळी पोचली."

आणि त्यांनी तिसऱ्यांदा चुणी घातली. तुरा थोडा डावीकडे झुकला होता. मी तो तसाच घालून दौंडच्या गाडीत बसलो.