ड्रॉइंग बरोबर होतं

"तेव्हा दुखत होतं का गं, शकू?" दादाने मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. माझा थोरला भाऊ काविळीने हळदीसारखा पिवळा होऊन दवाखान्यात पडला होता आणि बारा वर्षांनी हे विचारत होता. मी मोसंबं सोलता सोलता म्हटलं, "ड्रॉइंग बरोबर होतं ना, दादा..." तो भिंतीकडे वळला. तिसऱ्या दिवशी गेला. त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, बहिणीवर फार जीव होता हो त्याचा. होता. म्हणून तर काय बोललं की लागेल, हे मला नेमकं ठाऊक होतं.

आम्ही काळेवाडीत राहायचो. वडील नव्हते. दादा पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये फिटर होता. अकराव्या वर्षी माझा कणा एका बाजूला वाकायला लागला, तेव्हा पुण्याच्या इस्पितळाने पोलादी पट्ट्यांचा आणि चामड्याचा एक पट्टा दिला. वाढ थांबेपर्यंत तो घालायचा, मापं वेळच्या वेळी बदलायची, म्हणजे पाठ वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर रविवारी दादा दाराच्या चौकटीला ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगायचा. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि कणा दोरीपासून किती सरकला ते तो पट्टीने मोजायचा. "किती आलं?" मी विचारायची.

मग सगळ्या जगात फिरून फ्लूची साथ पुण्यात आली. खोकणाऱ्यांनाच खाटा पुरेनात, तिथे वाकड्या पाठीच्या पोरीला कोण विचारतो! पट्टे बनवणारा विभाग बंद झाला, कारागीर आजारी पडले. "साथ ओसरली की या," असं खिडकीतून सांगण्यात आलं. नेमकी त्याच वेळी माझ्या पट्ट्याची पट्टी तुटली. नव्या पट्ट्याची मापं डॉक्टरांनी पाच-सहा महिन्यांपूर्वीच लिहून ठेवली होती. दादाने कारकुनाच्या हातापाया पडून तो कागद, त्याच्या भाषेत ड्रॉइंग, मिळवला आणि सुट्ट्या घेऊन स्वतः पट्टा बनवला. काम असं देखणं की शेजारीपाजारी बघायला आले.

पण त्या महिन्यांत मी ताडमाड वाढले होते. पट्टा काखेत रुतायचा, कमरेवर जखम व्हायची.

"दादा, बोचतंय रे."

"ड्रॉइंग बरोबर आहे. तू नीट उभी राहा."

आई म्हणाली, "अरे वसंता, पोरीचं माप परत घे की." तर हा म्हणाला, "डॉक्टरसाहेबांची सही आहे त्याच्यावर. सही असलेल्या ड्रॉइंगला हात लावायचा नसतो, आई." टूलरूमने त्याला तेवढं पक्कं शिकवलं होतं. दर रविवारी मात्र तो सांगायचा, "कमी आलंय. दहाच मिलिमीटर." त्या दहा मिलिमीटरच्या जोरावर मी आठ महिने दात-ओठ आवळून काढले.

साथ ओसरल्यावर डॉक्टरांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "काम उत्तम आहे. मापं कुणाची?"

"तुमचीच, साहेब."

"अहो, मुलगी वाढली की नाही मधे? घरी ओळंबा लावत होता ना, शेवटचं किती आलं?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाळीस."

चाळीस... मला तर तो दहा सांगत आला होता. बाक फार वाढलाय, आता पट्ट्याचा उपयोग नाही, म्हणाले डॉक्टर. त्यानंतर माझी पाठ त्याने कधी मोजली नाही. आता दोन जिने चढले तरी मला धाप लागते आणि लग्नाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मी त्याला माफ केलं नाही. दवाखान्यात त्याला फक्त एक 'हो' हवं होतं, तेही मी दिलं नाही.

परवा वहिनीने त्याची हत्यारांची पेटी उघडली. ओळंबा मी मागून घेतला. काल रविवार होता. चौकटीचा खिळा अजून तिथेच आहे. ओळंबा टांगला, पाठ करून उभी राहिले आणि विचारलं, "किती आलं?"

मागून कुणीतरी "कमी आलंय" म्हणावं म्हणून बराच वेळ तशीच थांबले. खोटं का होईना.