दीड मिनिटाची बादली

आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. दोन-दोन तास स्टोव्ह जाळा, डाळ तळाशी खड्यांसारखी बसून राही आणि वर नुसतं पिवळं पाणी. वर्ध्याच्या आमच्या भागात सगळ्यांचीच ही रड होती, म्हणून घरोघरी वरणाचं पाणी वेगळं असायचं. गल्ली संपली की नाल्यापलीकडे एक गोड्या पाण्याची विहीर होती. सकाळी बायका तिथून एकेक पितळी गुंड भरून कमरेवर आणायच्या. माझी बायकोही आणायची. सन ऐंशीच्या पुढेमागे केव्हातरी ती विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिची कंबर धरली ती धरलीच. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने मान डोलावली आणि आठ दिवसांनी पुन्हा गुंड उचलला, कारण वरण तर रोजच लागतं.

याची मला भयंकर चीड यायची, कारण माझा धंदाच पाण्याचा होता. नागपूरच्या एका दुकानातर्फे मी जिल्ह्यात घरगुती फिल्टर आणि सॉफ्टनर बसवत फिरायचो. लोकांच्या घरचं जड पाणी मी हलकं करून द्यायचं आणि माझ्या घरी बायकोने दुखऱ्या कमरेवर पाणी वाहायचं! शेवटी दुकानात पडून असलेला एक जुना सॉफ्टनर मागून आणला आणि भर मे महिन्यात घरी बसवला.

या यंत्राची एक मेख असते. त्याच्या उभ्या टाकीत मधाच्या रंगाचे, खसखशीएवढे दाणे असतात. पाण्यातला जडपणा तेच ओढून घेतात. दाण्यांत मळ अडकतो, म्हणून आठवड्यातून एकदा खालून वर उलटं पाणी सोडून ते धुवायचे. यालाच आम्ही बॅकवॉश म्हणायचो. पाणी कमी सोडलं तर मळ आतच राहतो, जास्त सोडलं तर दाणेच मोरीत वाहून जातात. किती सोडायचं हे ठरवायला माझ्याकडे दोनच अवजारं होती, पंधरा लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ. दीड मिनिटात बादली भरली की व्हॉल्व्ह तिथेच ठेवायचा, त्यावर लाल रंगाची रेघ मारायची आणि याला कोणी हात लावायचा नाही असा घरच्यांना दम द्यायचा. माझ्या घरीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी डाळ अशी शिजली की रवी लावायची गरज पडली नाही. बायकोने गुंड चिंचेने घासला आणि फळीवर पालथा घातला. मला वाटलं, जिंकलो.

डिसेंबरात केळझरच्या एका निवृत्त मास्तरांचा निरोप आला. त्यांच्याकडेही मी उन्हाळ्यातच यंत्र बसवलं होतं. गेलो तर ते वाटीत दाणे घेऊनच बसलेले.

"मिस्त्री, हे मोरीत पडून राह्यले. पाहा."

"व्हॉल्व्हले हात लावला असन कोनी," मी म्हणालो.

"मी कायले लावीन हात? तुमी रेघ मारून गेलते, तशीच हाये."

मी तणतणत बादली लावली. बरोबर दीड मिनिट. मग तर मला जोरच चढला. "माह्या घरी हाच आकडा हाये, अन् वरण लोन्यासारखं होते," मी त्यांना ऐकवलं. मास्तरांनी वाटी खाली ठेवली. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याला खोटं पाडून मी चहासुद्धा न घेता निघालो.

खरं तर त्याआधीच बायकोने मला दोनदा विचारलं होतं. "हे दाने काऊन पडून राह्यले मोरीत? थंडी सुरू झाली तसे जास्तच पडते." थंडीचा इथे काय संबंध, म्हणून मी तिच्यापुढेही बादली भरून दाखवली. तिने पुन्हा विषय काढला नाही. ताटात वरण रोज मऊसूत येत होतं, मग मला शंका तरी कशाला यावी?

एका सकाळी रोहण्याला जायची माझी बस चुकली. चरफडत परत गल्लीत वळलो, तर समोरून ती येत होती. एक पाय ओढत, कमरेवर भरलेला गुंड.

"हे काय?"

"दिसून नाई राह्यलं? वरनाचं पानी."

"कधीपासून?"

"महिना झाला. तुमच्या यंत्राच्या पान्यात दाळ शिजून नाई राह्यली."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं. तुमी बादली भरून दाखवली."

घरी येऊन टाकी उघडली. दाणे वीतभरही उरले नव्हते. मग यंत्रासोबत आलेला कागद शोधला. शंभरदा पाहिला असेल तो, पण आकड्यांखालची बारीक ओळ कधी वाचली नव्हती: पाणी गार असेल तर वेग कमी ठेवावा. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. तेच पाणी थंडीत गार पडून किंचित घट्ट होतं आणि त्याच वेगाने सोडलं, तर ते दाण्यांना जास्त वर उचलतं आणि बाहेर नेतं. बादली दोन्ही वेळा दीड मिनिटातच भरते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. केळझरला जाऊन मास्तरांची माफी मागितली. त्यांनी या खेपेला चहा पाजूनच सोडलं, आणि तो मला काही गोड लागला नाही.

नागपूरहून नवे दाणे यायला पंधरा दिवस लागणार होते. तोवर गुंड मी आणणार, असं मी बायकोला बजावलं. विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसोत. पण नाल्यापर्यंत येईस्तोवर माझा हात भरून आला आणि मला गुंड खाली टेकवावा लागला. घरी पोचलो तेव्हा ती दारातच उभी होती.

"मधात रस्त्यात ठेवला होता ना खाली?" तिने विचारलं.

"हो. तू कुठं ठेवतं?"

"मी नाई ठेवत," ती म्हणाली. "ठेवला तं मंग उचलता नाई येत मले."