गणपतीच्या मापाची होडी

"सोळा फूट. त्याच्या खाली बोलूच नका, मॅडम."

फोन शेठच्या टेबलावर स्पीकरवर ठेवलेला होता. बोलणारा विजय विरारला राहतो. त्याचं गाव आमच्या रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. आई-वडील गावीच असतात आणि खाडीत मासे धरतात. त्यांची लाकडी होडी कुजत आली होती. म्हणून विजय, त्याचे भाऊ आणि चुलतभाऊ यांनी मिळून त्यांना ॲल्युमिनियमची नवी होडी करून द्यायचं ठरवलं होतं. इथपर्यंत सगळं उत्तम होतं.

मी बोटी डिझाइन करते. सगळी नोकरी शिपयार्डमध्ये गेली. रिटायर होऊन घरी आले, तर एमआयडीसीतल्या या वर्कशॉपच्या शेठनी बोलावून घेतलं. ते छोट्या होड्या बनवतात. लोकांना वाटतं, मोठी बोट अवघड आणि छोटी सोपी. मोठ्या बोटीचा मालक निदान इंजिनिअरचं ऐकून घेतो. छोट्या होडीच्या मालकाने यूट्यूब पाहिलेलं असतं.

विजयने पाहिलं होतं. त्याने मला तीन व्हिडिओ पाठवले होते. परदेशातलं निळंशार तळं, काठापर्यंत सिमेंटचा उतार, गाडीमागे ट्रेलर आणि ट्रेलरवर चकचकीत सोळा फुटी होडी. टोपीवाला माणूस एक बटण दाबतो आणि होडी आपोआप पाण्यात उतरते.

"तुमच्याकडे असा उतार आहे?" मी विचारलं.

"नाही. खारं पाणी अडवणारा खारबांध आहे. मग चिखल."

"ट्रेलर?"

"मॅडम, तिथे बाइकसुद्धा जात नाही."

"मग होडी वापरणार कोण?"

"आम्हीच. गणपतीला आम्ही सगळे असतो. सगळे बसले पाहिजेत."

"आणि गणपतीनंतर?"

"नंतर काय, बाबा आणि आई."

शेठनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले नाही.

"विजय, बारा फुटी घ्या."

"बारा? वाडीत हसतील आम्हाला."

छोटी होडी ॲल्युमिनियमची का करायची, हे इथे सांगते. लाकडाला दरवर्षी तेल द्यावं लागतं, फटी भराव्या लागतात. शिवाय लाकूड पाणी पिऊन जड होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा गंजत नाही आणि हलका असतो. हलका हाच त्याचा मुख्य गुण. पण होडीची लांबी चार फुटांनी वाढवली की वजन फक्त चार फुटांचं वाढतं, असं लोक समजतात. लांबीबरोबर रुंदी वाढते. काठ उंच करावा लागतो, पत्रा जाड घ्यावा लागतो, आतल्या फासळ्या वाढतात. आमची बारा फुटी होडी सिमेंटच्या दोन गोण्यांपेक्षा हलकी असते. सोळा फुटी पाच गोण्यांवर जाते. हलकी हवी म्हणून ॲल्युमिनियम निवडायचं आणि मग ती माणसांना हलणार नाही एवढी मोठी करायची, हा आमच्या गिऱ्हाइकांचा आवडता उद्योग आहे.

दोन दिवसांनी मी जागा बघायला गेले. होडी जिथे राहणार ती जागा बघितल्याशिवाय मी माप देत नाही. शेठच्या मते हा पेट्रोलचा नाश आहे.

विजयच्या वडिलांना वाडीत सगळे आबा म्हणतात, आईला आये. दोघं नुकतीच खाडीतून परतत होती. सुकती लागली होती, म्हणजे पाणी उतरत होतं आणि काठाचा चिखल उघडा पडत होता. आबांनी होडी कडेला लावली. आयेने चिखलात ओल्या झावळ्या अंथरल्या. मग एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने काठ धरला, आणि झावळ्यांवरून सरकवत होडी बांधाच्या पायथ्याशी आणली. मध्ये दोनदा थांबून दम खाल्ला. होडीत घोट्याएवढं पाणी होतं. आये ते तेलाच्या कापलेल्या डब्याने उपसायला लागली.

"खाडीतच नांगरून का नाही ठेवत?" मी विचारलं.

"पावसात वरनं ओंडके येतात, मॅडम," आबा म्हणाले. "एक बसला की संपला. आनि एरवी बुडाला कालवां धरतात. रोज वर घेवचीच लागते."

म्हणजे रोज खाली ढकलायची आणि रोज वर ओढायची. हे काम करणारी माणसं दोन, दोघंही साठीच्या पुढची. मला माप मिळालं. टेप काढायचीही गरज नव्हती. सपाट तळाची बारा फुटी, दोन माणसं, एक पाग म्हणजे फेकायचं जाळं आणि माशांची टोपली.

मी तसं आबांना सांगितलं. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"पोरां सोला फुटी देतायत," ते म्हणाले. "या खाडीत सोला फुटी कोनाची नाय."

"आबा, जड होईल."

"जड? मी काय म्हातारा झालो?"

आये चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "पन ती ढकलायची कोनी?"

"तू गप ऱ्हा," आबा म्हणाले. "विजयान सांगितलान ना, मोठी घ्या म्हणून."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मुलांना वाडीत मिरवायचं होतं आणि बापाला मुलं मिरवायची होती. वर्षभर चिखलात होडी ढकलणारी बाई जे विचारत होती, त्याचं उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता.

मी शेठना स्पष्ट सांगितलं, बारा फुटीच द्यायची.

"मॅडम, गिऱ्हाईक सोळा मागतंय आणि आपण बारा विकायची? हे वर्कशॉप आहे की आश्रम?"

"निदान ट्रायल सुकतीला ठेवा. चिखल उघडा असताना. त्या दोघांनाच ढकलू दे. आपोआप कळेल."

शेठनी विजयला फोन लावला. विजय म्हणाला, "सुकतीला? मग फोटोत पाणी कुठे दिसणार?"

होडी सोळा फुटीच बनली आणि ट्रायल भर भरतीला झाली. मुंबईहून सात-आठ जण रात्रीच्या गाडीने खास आले. होडीला हार, नारळ, पेढे. पाणी थेट बांधाला लागलेलं. सगळ्यांनी मिळून 'गणपती बाप्पा मोरया' म्हणत एक हिसडा दिला आणि होडी पाण्यात. आबा पुढे छाती काढून बसले होते. आये बांधावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवली नाही. संध्याकाळच्या गाडीने मंडळी परत गेली.

मग गणपती आले. तोपर्यंत होडी बांधाला बांधलेलीच होती. यांचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो. विसर्जनाचा फोटो विजयने शेठना पाठवला आणि शेठनी तो मोठा करून ऑफिसात लावला. मला तो रोज बघावा लागला. होडीत मूर्ती आणि तिच्याभोवती मी मोजली तर अकरा माणसं. पाण्याच्या वर होडीचा जो काठ राहतो, तो माणसांच्या जिवाचा राखीव भाग असतो. फोटोत तो जेमतेम वीतभर उरला होता. एक माणूस एका बाजूला झुकला असता तर बाप्पाबरोबर सगळ्यांचंच विसर्जन झालं असतं. म्हणजे ज्या एका दिवसासाठी सोळा फूट घेतले, त्या दिवसालाही ते पुरले नाहीत. वर्षभराला जास्त आणि गणपतीला कमी. एवढं अचूक चुकीचं माप काढायला खरोखर मेहनत लागते.

पुढचं ऐका. अनंत चतुर्दशीला पौर्णिमा तोंडावर असते. त्यामुळे भरती मोठी येते. आम्ही तिला उधाण म्हणतो. त्या उधाणावर या अकरा पहिलवानांनी होडी बांधावरून उचलून वाडीच्या बाजूला, उंडीच्या झाडाखाली ठेवली. "सेफ राहील," विजय म्हणाला म्हणे. ताडपत्री घातली, दोरी बांधली आणि मंडळी विरारला गेली. इकडे होडी बांधाच्या अलीकडे आणि खाडी पलीकडे.

आबांनी कोणालाही काही सांगितलं नाही. सांगणार कसं? सगळ्या वाडीला पेढे वाटून झाले होते. त्यांनी जुनी लाकडी होडी परत बाहेर काढली, फटीत चिंध्या आणि डांबर कोंबलं आणि तीच घेऊन खाडीत जायला लागले.

दिवाळीच्या आधी मला एक फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. बाई रडत होती.

"मॅडम, मी विजयाची आवस. ह्ये बुडाले असते."

मी आयेला सावकाश सांगायला लावलं. आबा त्या दिवशी एकटेच गेले होते. खाडीच्या मध्यात जुन्या होडीची तळाची फळी सुटली. होडी पाण्याखाली गेली, पण लाकूड असल्यामुळे तळाशी गेली नाही. आबा तिला धरून ओरडत होते. पाणी उतरत होतं आणि ओढ समुद्राकडे होती. आये बांधावर होती, तिने ते सगळं बघितलं. ती धावत उंडीखाली गेली. ताडपत्री फाडली आणि नव्या होडीला खांदा लावला.

"किती ढकलली, मॅडम. जाग्याची हलली नाय. समोर तुमचा नंबर होता पाटीवर. ढकलताना तोच दिसत व्हता."

आमच्या प्रत्येक होडीच्या नाकाशी वर्कशॉपची पाटी असते, शेठचा आणि माझा नंबर घातलेली. शेठना ती फार आवडते.

समोरच्या काठावरच्या एका माणसाने आरडाओरडा ऐकला. तो आपली छोटी होडी घेऊन आला आणि त्याने आबांना ओढून घेतलं. आबा जगले. घरी येऊन अंथरुणाला खिळले, पण जगले. मला मात्र भयंकर राग आला. नवी कोरी होडी दारात उभी असताना एका बाईला आपला नवरा वाहून जाताना बघावा लागला होता.

मी विजयला फोन केला. त्याला बातमी कळली होती.

"मॅडम, मी काय म्हणतो, इंजिन बसवलं तर?"

वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर घोड्याला इंजिन होतं. "इंजिन पाण्यात चालतं," मी म्हटलं. "तुमची होडी झाडाखाली आहे. आणि इंजिनाचं वजन वेगळं."

"मग बांधावर विंच?"

"बांध सरकारचा आहे."

"मग राहू दे ना तिथेच. पुढच्या गणपतीला लागेलच."

"तोपर्यंत तुमच्या वडिलांनी पोहत जायचं का?"

मी फोन ठेवला.

शेठ आधी म्हणाले, विकलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं, "शेठ, आबा गेले असते तर पेपरात त्या होडीचा फोटो आला असता. पाटीसकट." शेठनी जरा विचार केला. मग त्यांना एकदम आठवलं की गणपतीपुळ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याला सोळा फुटी होडी हवी होती. त्याच्याकडे जेटी आहे आणि होडी ढकलायला नोकर आहेत. त्याच्यासाठी सोळा फूट हेच बरोबर माप. होडी तिकडे गेली आणि तिच्या बदल्यात मी बारा फुटी बनवून घेतली.

या वेळी ट्रायलची वेळ मी ठरवली. भर सुकती, पुढे नुसता चिखल. हार नाही, पेढे नाहीत. आबा बरे झाले होते, पण तोंड फुगलेलं होतं.

"ही काय होडी?" ते म्हणाले. "पाळना हाय."

"धरा," मी म्हटलं.

आयेने झावळ्या अंथरल्या. दोघांनी काठ धरला. आबांनी सवयीने पूर्ण जोर लावला, आणि होडी इतक्या पटकन सरकली की ते मागच्या मागे चिखलात बसले. आये पहिल्यांदा हसली. आबा उठले, धोतर झटकलं आणि होडी पाण्यापर्यंत नेली.

पुढच्या गणपतीला मी मुद्दाम विसर्जनाला गेले. मला बघायचं होतं. मुंबईची सगळी फौज बांधावर जमली होती. विजय होडीकडे बघून म्हणाला, "आये, एवढीशी? आम्ही बसायचं कुठे?"

आबांनी मूर्ती मधोमध ठेवली आणि पुढे जाऊन बसले. आये वल्हं घेऊन मागे बसली. होडीचा काठ पाण्याच्या वर चांगला हातभर होता.

"गनपती बसलो, आमी बसलो," आये म्हणाली. "तुमी काठावरनं आरती म्हना. एरवी पन काठावरच असता."

विजयने माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी मुकाट्याने आरती म्हटली. बरीच बेसूर होती.

हल्ली वर्कशॉपमध्ये होडी घ्यायला कोणी आलं की किती फुटी हवी हे मी विचारत नाही. त्याचं उत्तर सगळे पाठ करून येतात. मी विचारते, गणपती गेल्यावर घरात कोण उरतं? निम्म्या लोकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. शेठचंही तेच मत आहे. विसर्जनाचा तो फोटो मात्र त्यांनी भिंतीवरून काढलाय.