इंदूच्या बाटलीवरच्या चार रेघा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही बाई. पलंगाखालच्या कचऱ्यासारखे ते आपले आपण साचतात. रोज झाडा, तरी एखाद दिवशी पलंग सरकवला की ढीग निघतो. परवा इंदूचा पलंग सरकवला. एक मोजा निघाला, गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं निघाली, आणि बोटीवरच्या खोलीचं ते प्लास्टिकचं कार्ड. झालं. झाडू टाकून मी तिथंच फतकल मारून बसले.

इंदू म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी साक्रीकडची, ती चोपड्याची, दोघी येऊन पडलो यावलच्या केळीत. माझ्या तोंडातून अजून 'आहे'च्या जागी 'शे' निघतं आणि चाळीस वर्षं ती त्याला हसली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या चहात साखरेच्या जागी मीठ टाकलं होतं. सासू समोर बसलेली. हिनं अख्खा कप संपवला, तोंड वाकडं केलं नाही. तेव्हाच म्हटलं, हिच्याशी आपलं जमेल.

* * *

जळगावच्या डॉक्टरनं इंदूच्या किडन्यांचा रिपोर्ट पाहिला आणि एकेका वस्तूवर काट मारत गेला. मीठ बंद. डाळ मोजून. टमाटा, बटाटा नको. पाणी दिवसाला एक लिटर, चहा त्यातच धरायचा. शेवटी म्हणाला, "आणि आजी, केळं तर अजिबात नाही."

आमच्या घरापुढं केळी, मागं केळी, ओट्यावर घड टेकवलेले, पाहुण्याच्या पिशवीतही केळीच. इंदू म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मग मी राहू कुठं?"

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, दोन-तीन महिन्यांत मशीन लावावं लागेल, आठवड्यातून तीनदा. मग लांबचं जाणं विसरा. कुठं जायचं असेल तर आत्ताच जाऊन या.

जाणार कशी? पाय सुजून खांब झालेले. चार पावलं टाकली की बसायची, पाचवं चाकाच्या खुर्चीवर.

तिची एकुलती पोर वर्षा इटलीत नोकरीला आहे. तिनं फोनवर रडत विचारलं, आई, तुला काय पाहिजे ते सांग. मला वाटलं पाटल्या मागेल. इंदू म्हणाली, "मले समुद्रात पाय बुडवायचे हायेत. जन्मात तापीशिवाय दुसरं पाणी पाह्यलं नाही."

वर्षाला इकडं यायला सुट्टी नव्हती. तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून आमचे दोघींचे पासपोर्ट काढलेले होते, ते तसेच कोरे पडून होते. मग तिनं तिकडचीच एक मोठी बोट शोधली. आठ दिवस फिरवते, बोटीवर डॉक्टर, पथ्याचं जेवण वेगळं, सोबत ती स्वतः. भूमध्य समुद्र म्हणे. शाळेच्या पुस्तकात असतो. मी त्या पानापर्यंत पोचलेच नाही.

* * *

जायच्या आधी बोटवाल्यांच्या बाईचा फोन आला, हिंदीत. वर्षानं फॉर्म भरला होता, तरी बाईला पेशंटशी बोलायचं होतं. चलना आता है? इंदू म्हणाली, आता है. सीढी? चढती हूँ. बाथरूम? अकेली जाती हूँ.

मी तिला कोपरानं ढोसत होते. फोन ठेवल्यावर म्हटलं, बये, हे काय सांगितलंस?

"पाहुणे पाह्यला आले की पहिल्याच दिवशी पोरीची खोड सांगतं का कोणी?" ती म्हणाली. आमच्याकडं तशी रीतच आहे. दाखवायच्या वेळी अंगात ताप असला तरी पोरगी उठून पोहे घेऊन येते. इंदू स्वतः तशीच आली होती.

पण बोट म्हणजे काही सोयरीक नाही. त्यांनी तिला चालत्या माणसाची खोली दिली. दारातून खुर्ची आत जाईना. बाथरूमला वीतभर उंबरा. वर्षानं काउंटरवर खूप सांगून पाहिलं, पण मोठ्या दाराच्या खोल्या भरलेल्या होत्या. आठ दिवस खुर्ची घडी करून बाहेर, आणि इंदूला काखेत धरून मी आत. उंबऱ्यावर मी मागून ढकलायचे, ती पुढून शिव्या द्यायची. एकदा दोघी दारात अशा अडकलो की ना पुढं, ना मागं. हसता हसता इंदूला तिथंच लघवी झाली. मी पुसून घेतलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "हे कोणाले सांगशील तर पाह्य."

आता सांगितलं. ती कुठं येते भांडायला.

* * *

जेवणाच्या हॉलमध्ये आग्नेल नावाचा गोव्याचा वाढपी होता, पन्नाशीचा, जाड मिशांचा. आम्हाला मावशी म्हणायचा. इंदूचं ताट तो झाकून आणायचा. उघडलं की आत पांढरंच पांढरं. भात पांढरा, फुलकोबी पांढरी, कशातच मीठ नाही. इंदू म्हणायची, "झाकून काय आणतो बाबा, यात काय चोरून नेण्यासारखं हाये?"

पाणी ती घरच्या बाटलीतून प्यायची. वर्षानं त्या बाटलीवर लाल नेलपॉलिशनं चार रेघा मारल्या होत्या. सकाळची, दुपारची, दिवेलागणीची, झोपायची. दुपारची रेघ इंदू अकरालाच ओलांडायची आणि मग बर्फाचा खडा गालात धरून बसायची. तिच्यासाठी मी शेजारच्या टेबलावरून बर्फ चोरायचे. आग्नेल पाहायचा आणि पाठ फिरवायचा.

टोपलीत केळी असायची, कागदी टिकली लावलेली. इंदू एक उचलायची, वास घ्यायची, देठ दाबून पाहायची. "भरायच्या आधीच कापली मेल्यांनी." आणि ठेवून द्यायची. रोज. मी तिच्यासमोर सोलून खायचे, चिडवायला. चौथ्या दिवशी मलाच जाईना.

* * *

गंमत म्हणून मी आग्नेलच्या कानात सांगितलं, आज इंदूचा वाढदिवस आहे. नव्हता. तिला स्वतःला तारीख माहीत नाही.

जेवणानंतर दिवे कमी झाले. दहा-बारा वाढपी टाळ्या वाजवत केक घेऊन आले. आजूबाजूचे गोरे उभे राहून गायला लागले. इंदू राणीसारखी मान ताठ करून बसली. केकची तिला बोटभर मलईही चालत नव्हती. गाणं संपल्यावर तिनं आग्नेलला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षीही असंच करजो."

आग्नेल हो म्हणाला. वर्षा उठून बाहेर गेली. मी केक खाल्ला, काय करणार. सगळे पाहत होते.

* * *

आता समुद्राचं. तुम्हाला वाटेल, बोटीवर बसली म्हणजे समुद्र मिळाला. पण बोट म्हणजे दहा मजली इमारत. पाणी खाली, दिसतं नुसतं.

पहिल्या गावी खुर्ची उतरली. खाली सिमेंटचा धक्का, आणि धक्क्याखाली दोन पुरुष उंचीवर पाणी, तेलकट. वाळूचा किनारा लांब, बसनं जायचा, आणि बसला उंच पायऱ्या. इंदू धक्क्यावरून वाकून पाहत राहिली. म्हणाली, "आपल्या विहिरीसारखंच हाये. दोर आणला असता तर काढलं असतं."

दुसरं एक बेट होतं. तिथं मोठी बोट दूर थांबते आणि छोट्या नावेतून न्यायचं असतं. नाव वरखाली हलत होती. पांढऱ्या कपड्यातला साहेब म्हणाला, खुर्ची नावेत घेत नाहीत. ज्याला स्वतःच्या पायानं चार पायऱ्या उतरता येतील त्यानं यावं.

इंदू म्हणाली, "मी उतरते."

खुर्चीचे हात धरून ती उभी राहिली. पदर सारखा केला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. साहेब पाहत होता, मी पाहत होते. तिसऱ्याला तिचे गुडघे गेले आणि ती साहेबाच्याच अंगावर पडली. त्यानं तिला अलगद खुर्चीत ठेवलं आणि मान हलवली.

वर्षा भांडायला लागली. इंदू म्हणाली, "त्याले नको बोलू. त्याचं बरोबर हाये." मग माझ्याकडं वळली. "अक्का, तू जा. तू पाय बुडव अन् मले येऊन सांग."

* * *

मी गेले. वाळूवर उभी राहिले. पाणी येत होतं, जात होतं, माझ्या चपलेपर्यंत येऊन थांबत होतं. तिचे पाय कोरडे आणि माझे ओले, मला काही ते जमेना. तिथं एका हॉटेलच्या बाहेर नळ होता. त्याखाली साडीचा काठ धरला, चांगला पोटरीपर्यंत भिजवला, आणि परत आले.

इंदू वाट पाहत होती. मी रंगवून सांगितलं. गार लागलं, वाळू पायाखालून सरकली, गुदगुल्या झाल्या. तिनं सगळं ऐकलं. मग वाकून माझ्या साडीचा काठ उचलला आणि तोंडात धरला, लहान पोरासारखा. चोखला. दोन महिने मीठ नव्हतं ना तिच्या जिभेला.

काठ सोडून म्हणाली, "नळाचं हाये."

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. बाथरूमच्या उंबऱ्यावरसुद्धा नाही.

* * *

शेवटच्या गावीही छोटी नाव होती, वर वारा सुटलेला. कोणी तिला विचारलं नाही. मी तिची बाटली रिकामी केली आणि घेऊन गेले. यावेळी खरोखर पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत. बाटली बुडवली. बुडबुड आवाज आला. वरच्या रेघेपर्यंत भरली, बूच घट्ट लावलं.

इंदूच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, चाखून पाहा, यावेळी फसवलं नाही. टब मागवते, त्यात ओतू, पाय ठेव.

तिनं बाटली उन्हात धरून पाहिली. म्हणाली, "माझा समुद्र काय टबात मावतो? राहू दे. मशीन लागलं की सूज उतरल. पुढच्या वर्षी येऊ, वाळूत चालणारी खुर्ची घेऊन."

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी म्हटलं, हो, पुढच्या वर्षी.

पाणी पिण्यासाठी वर्षानं तिला दुसरी बाटली आणून दिली. ही मी लुगड्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली.

* * *

घरी आलो तर ओट्यावर बायांची ही गर्दी. सगळ्यांत पुढं कौतिकबाई, गल्लीतली सगळ्यांत म्हातारी. समुद्र पाह्यला का व इंदू?

"पाह्यला म्हणजे? गुडघ्यापर्यंत उतरली मी," इंदू म्हणाली. "लाट आली ती पार इथपर्यंत. वाळू अशी पायाखालून सरकते माय, गुदगुल्या होतात. इचारा अक्काले."

माझेच शब्द, एकही गाळला नाही. सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या.

"खरं शे," मी म्हटलं. "मी चपला धरून उभी होते."

बाया गेल्यावर मी ती बाटली आणि घमेलं घेऊन तिच्या पलंगापाशी आले. तिनं एक डोळा मिटला. "आता कशाले व? मी तर बुडवून आली ना."

* * *

मशीन लागलं. सूज उतरली नाही. जेमतेम महिना काढला इंदूनं.

वर्षा येईपर्यंत तिला न्यायचं थांबवलं होतं. ती आली, मग बायांनी इंदूला अंगणात पाटावर घेतलं. पडदा धरला, ऊन पाणी घातलं, हळद लावली. शेवटचा तांब्या झाल्यावर मी म्हटलं, थांबा. घरात गेले, कपाटातून बाटली आणली आणि इंदूच्या पायांवर ओतायला लागले. पहिली रेघ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. वर्षा आईचं डोकं धरून बसली होती. तिनं बाटली ओळखली.

चौथ्या रेघेला कौतिकबाईनं हळूच विचारलं, "कुठचं पाणी व अक्का? गंगेचं का तापीचं?"

"दोन्हीचं," मी म्हटलं.

कौतिकबाईनं हात जोडले आणि ओंजळ पुढं केली. तळाशी थोडं उरलं होतं. मी घातलं. तिनं तीर्थ घेतलं, डोळे मिटले, गिळलं. मग दुसरीनं ओंजळ केली, मग तिसरीनं. सात बाया. साती जणींनी घेतलं, साती जणींनी गिळलं. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही.

शेवटी वर्षानं हात पुढं केला. तिनंही घेतलं. आणि ओला हात तोंडावर दाबून ती अशी हसायला लागली, अशी गदगदा हलायला लागली, की कौतिकबाईनं तिला छातीशी धरलं आणि सगळ्यांना म्हणाली, "रडू द्या व तिले. केव्हाची कोरडी बसली होती."