सत्तावीस मुलं आणि एक खेकडा

शाळेच्या स्वयंपाकघरात मी चोवीस वर्षं काढली. त्यातली अठरा वर्षं मिनेगिशी बाईंवर ओरडण्यात गेली, आणि त्या नसल्या तर मला एक दिवस करमत नाही, हेही इथेच सांगून टाकते. बाई म्हणजे माझी लहानपणची मैत्रीण. मुलांसमोर मी तिला "बाई" म्हणते, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी "यासुए", आणि डोकं फारच फिरलं की "ए येडपट".

यासुएच्या वडिलांचं आमच्या किनाऱ्यावरच्या या छोट्या गावात पैसे देऊन अंघोळ करायचं सार्वजनिक न्हाणीघर होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि मधल्या उंच गल्ल्यावर सात वर्षांची यासुए. एके दिवशी तिने बापाला विचारलं, "बाबा, बायकांपेक्षा पुरुष जास्त येतात, मग गर्दी बायकांकडेच का दिसते?" बाप म्हणाला, "गप बस आणि त्या आजोबांना साबण दे." साबण दिला, पण गप काही बसली नाही. आठवडाभर घड्याळ घेऊन आत कोण किती वेळ राहतं ते मांडत बसली. पुरुष पंधरा मिनिटांत बाहेर, बायका पाऊण तास आत. "म्हणून!" असं ती गल्ल्यावर उभी राहून इतक्या जोरात ओरडली की माझी आई अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर डोकावली होती.

तेच येड तिने पुढे छत्तीस वर्षं शाळेत चालवलं. मधल्या सुट्टीत मुलींच्या संडासापुढे रांग का लागते, यावर तिने पाचवीकडून आलेख काढून घेतला आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर लावला. माझ्या करीवरही तिची नजर. मुलं वर्गात आपली आपण करी वाढतात, तेव्हा शेवटच्या पाच मुलांना नेहमी कमी पडते, त्याचा दोष मी मुलांच्या हावरटपणाला देत होते. ही वर्ग घेऊन खाली आली, म्हणाली, "मावशींचा डाव किती मोठा आहे ते मोजूया." डाव मोठाच निघाला. तेव्हापासून मी छोटा डाव देते, पण तो हिच्या सांगण्यावरून, हे मी कधी कबूल केलेलं नाही.

एवढी नाचरी बाई, पण तिच्या मनात एक जुना सल होता.

आमच्याकडे शिक्षकाला खुला तास घ्यावा लागतो. आसपासच्या शाळांचे शिक्षक येतात, पाहुण्यांच्या सपाता घालून भिंतीला टेकून उभे राहतात, वह्यांत लिहितात आणि नंतर दोन तास त्या तासाची चिरफाड करतात. चौतीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या खुल्या तासाला यासुएने हाताएवढा लांब मुळा आणला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याच्याकडे बघून कुणाला काय प्रश्न पडतो?" चिडीचूप. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी मागच्या बाकावरून एक हात वर आला. यासुएचा जीव भांड्यात पडला. "बोल, उओझुमी!" तो म्हणाला, "बाई, शूला जाऊ?"

तीस पाहुणे हसले. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन रडली होती. पुढे तिचे खुले तास छान झाले, मुलांनी उत्तरं फटाफट दिली, पण प्रश्न मात्र दर वेळी तिचाच. "तोमिए," ती म्हणायची, "पाहुणे नसले की पोरं प्रश्न विचारून डोकं खातात. पाहुणे आले की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. एकदा तरी प्रश्न त्यांचा असावा गं, माझा नको." पुढच्या मार्चला ती निवृत्त होणार होती आणि त्या नोव्हेंबरातला खुला तास शेवटचा.

नेमका तोच खेकड्याचा दिवस ठरला.

वर्षातून एकदा आमच्याकडे शाळेच्या जेवणात प्रत्येक मुलाला अख्खा खेकडा मिळतो. खेकडे आणतो तोच शूवाला उओझुमी. आता त्याची स्वतःची बोट आहे आणि मुलगी कानाए यासुएच्याच सहावीत आहे. त्या दिवशी त्याने टोपल्या उतरवल्या आणि विचारलं, "मावशी, आज बाईंचा तास ना? माझ्यामुळे त्यांची जी फजिती झाली, ती अजून आठवते का हो त्यांना?"

"रोज," मी म्हटलं. तो मान खाली घालून निघून गेला.

सहावीत एकोणतीस मुलं. पैकी तेरुमा तापाने घरी. म्हणजे एक खेकडा उरला. उरलेल्या पदार्थासाठी मुलं जानकेन खेळतात, म्हणजे आपलं दगड, कागद, कात्री. एरवी बाई पुढे उभ्या राहतात, सगळा वर्ग त्यांच्याशी खेळतो आणि हरलेले खाली बसतात. पाच मिनिटांत निकाल.

माझा नियम एकच आणि तो सरकारी आहे: शिजवल्यापासून दोन तासांत खायचं. घरी न्यायचं नाही, उद्याला ठेवायचं नाही. खेकडे शिजवून चुलीवरून उतरवले अकरा चाळीसला, म्हणजे एक चाळीसनंतर जे उरेल ते माझ्या वजनकाट्यावर आणि तिथून कचऱ्यात. त्या दिवशी खुल्या तासामुळे दुपारची झाडलोट रद्द होती आणि जेवण संपताच एक वाजता तास. बाकी सगळ्या वर्गांची भांडी परत आली. सहावीचं ताट येईना. एक वाजून पाच मिनिटं झाली तशी माझं टाळकं सटकलं आणि मी तरातरा वर निघाले. स्वयंपाकघरातले पांढरे रबरी बूट बाहेर घालायचे नाहीत, हा नियम मीच भिंतीवर लिहिलाय. तेच बूट घालून निघाले.

वर्गाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चाळीस पाहुणे. टोपी, मास्क, एप्रन आणि बुटांत मी. एका वयस्कर गृहस्थांनी मला वाकून नमस्कारच केला. बहुधा त्यांना वाटलं, हाही तासाचा भाग आहे.

आत धुमाकूळ. सत्तावीस पोरं गोल करून उभी, हात वर, घसे बसलेले. "दगड, कागद, कात्री! बरोबरी! पुन्हा! बरोबरी! पुन्हा!" मध्ये टेबलावर तो एकटा खेकडा. उपमुख्याध्यापक निइमोतो सर हातातली छापील तास-योजना पंख्यासारखी हलवत होते. योजनेत लिहिलं होतं: न मोजता कागदांची संख्या वजनावरून काढणे. यासुएने महिनाभर खपून केलेली, पाहुण्यांना आधीच पाठवलेली.

"बाई, काय चाललंय हे?" मी कुजबुजले.

"अगं, पोरं म्हणतात मी दर वेळी पहिला दगडच काढते. सगळ्यांना ते पाठ झालंय, म्हणून सगळेच कागद काढतात आणि कुणी बादच होत नाही. 'तुमच्याशी नाही खेळणार, आपापसात खेळणार!' म्हटलं, खेळा."

"आणि तास?"

"सुरू व्हायला हवा ना," ती म्हणाली. तिने टाळी वाजवायला हात उचलले.

तेवढ्यात खिडकीपाशी एक हात वर आला.

ती कानाए होती. उओझुमीची पोर रोज घरी खेकडे खाऊन विटलेली, म्हणून खेळात नव्हती. वर्षभर गणिताच्या तासाला समुद्राकडे बघत बसणारी. समोर तिचा दुधाचा रिकामा खोका, धुऊन, कापून, उलगडलेला, आणि त्यावर पाच-पाचच्या गटात रेघाच रेघा.

यासुएच्या मनात काय आलं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझ्याही मनात तेच आलं. बापाची लेक आहे, आता संडासला जाऊ का विचारणार.

"बोल, कानाए."

"बाई, मी मोजलं. एकशे सव्वीस वेळा झालं आणि एकदाही कुणी बाद झालं नाही. हे खूप जण आहेत म्हणून होतंय का? मग किती जण असले तर लवकर संपेल?"

निइमोतो सरांचा पंखा थांबला. यासुएने तास-योजना हातात घेतली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि त्यावर खेकड्याचं ताट ठेवलं. मी बुटांचं विसरूनच गेले.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. अठरा वर्षांत इतकं निर्लज्ज खोटं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "कसं शोधायचं?"

"दोघांपासून सुरू करू!" कुणीतरी ओरडलं.

मग जे झालं त्याला तास म्हणायचं की जत्रा, मला कळत नाही. दोघं खेळले तर नऊ प्रकार, त्यातल्या तीनांत बरोबरी. तिघं असले तर तिघांचे तीन वेगळे हात निघाले तरी बरोबरीच, म्हणजे बरोबरी जास्त होणार, असं सगळ्यांचं ठाम मत. त्यांनी झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा काढल्या, फळा भरला, तरी कुणीतरी जमिनीवर बसून लिहीतच होतं. सत्तावीस प्रकार निघाले. बरोबरी नऊ.

"म्हणजे पुन्हा तीनात एकच? चुकलंय तुझं!"

"तुझंच चुकलंय, गाढवा! मोज परत!"

परत मोजलं. तेच. दोघं काय, तिघं काय, सारखंच. पोरांना ते पटेना, आणि खरं सांगते, मलाही पटेना. मी शेजारच्या त्या वयस्कर गृहस्थांना म्हटलं, "काढा हो हात." त्यांनी वही बगलेत मारली, त्यांच्या बाजूच्या एका पाहुण्या बाईंना ओढलं आणि आम्ही तिघं सुरू झालो. बघता बघता भिंतीला टेकलेले चाळीसच्या चाळीस पाहुणे तिघातिघांत दगड-कागद-कात्री करू लागले. सपाता इकडेतिकडे उडाल्या. निइमोतो सर कात्री काढून हरले आणि "परत! परत!" म्हणून मागे लागले.

चौघांवर आल्यावर एक्याऐंशी प्रकार आणि बरोबरी एकोणचाळीस, जवळजवळ निम्मी. "वाढली! वाढली!" पोरं नाचायला लागली. कानाए मात्र जागेवर उभी राहून खेकड्याकडे बघत होती.

"बाई, तिघांतच खेळायचं! सत्तावीस आहेत. तिघांचे नऊ गट, त्यातून नऊ जण. मग तीन. मग एक!"

मी घड्याळाकडे पाहिलं. एक तेहतीस. "एक चाळीसला खेकडा माझा!" मी दारातून गरजले. "सरकारी नियम आहे!"

एकच किंकाळी. नऊ गट, नऊ जण. तीन गट, तीन जण. शेवटच्या तिघांत सलग तीनदा बरोबरी झाली तेव्हा सगळा वर्ग माझ्या नावाने ओरडत होता. एक अडतीसला सोनोबे चिझुरु जिंकली. वर्गातली सगळ्यात चिमुकली पोर, तिच्या दोन वेण्यांचं वजन तिच्याहून जास्त असेल. तिने दोन मिनिटांत अख्खा खेकडा संपवला. तीही गाभोळीसकट, नांग्या दातांनी फोडून. शेवटचे दहा सेकंद पोरं आणि पाहुणे मिळून उलटे मोजत होते. मी ताट उचललं तेव्हा त्यात फक्त कवच होतं. असं स्वच्छ ताट मी आयुष्यात परत नेलेलं नाही.

नंतरच्या चर्चेला मी नव्हते. मला बूट उकळायचे होते. पण यासुए संध्याकाळी मागच्या दाराशी आली आणि सांगायला लागली. एका पाहुण्याने विचारलं, छापलेल्या योजनेचं काय झालं? तर ते वयस्कर गृहस्थ, जे त्या दिवसाचे मुख्य परीक्षक निघाले, म्हणाले, "योजना खेकड्याखाली आहे, आणि तिथेच ठीक आहे."

"तोमिए," ती म्हणाली, "हात वर आला गं." मग रडायला लागली. मीही रडले. दोन म्हाताऱ्या भांड्यांच्या ढिगात उभ्या राहून रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोके बांधायला बसले. मुलांनी धुऊन वाळवलेले दुधाचे खोके मोजून, गठ्ठा करून पाठवायचे, तेही माझंच काम. रेघांवाला खोका हाती लागला. एकशे सव्वीस रेघा. खाली पेन्सिलीने नवं काहीतरी लिहिलेलं होतं, रात्री घरी जाऊन आकडेमोड करून आल्यासारखं: "सत्तावीस जण एकदम खेळले तर एक बाद व्हायला सुमारे एकोणीस हजार वेळा. एका वेळेला तीन सेकंद धरले तर जवळजवळ सोळा तास. बाबा म्हणतात खरं नाही. आज रात्री बोटीवर मोजून बघणार आहेत. पण ते चौघंच आहेत, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

मी तो खोका एप्रनच्या आत घातला आणि यासुएला नेऊन दिला. मार्चमध्ये तिला निवृत्तीला घड्याळ मिळालं, फुलं मिळाली, मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण मिळालं. घरी जाताना तिच्या हातात मात्र तो खोका होता.

त्या दिवसाच्या वहीत माझ्या हाताने लिहिलेलं आहे: सहावी, हजर मुलं अठ्ठावीस, परत आलेले खोके सत्तावीस. चोवीस वर्षांत माझा हिशेब एवढा एकदाच चुकलाय, आणि तो कुणी दुरुस्त करायला आलं तर मी डाव घेऊन उभी आहे. मोठा डाव.