माझ्या नावाचं पिल्लू

लिफ्टच्या आतल्या भिंतीवर एक उभा, अरुंद आरसा होता, आणि त्या आरशात आई मला अजून दिसते... फिकट निळ्या पंजाबी ड्रेसवर जाकीट घातलेली, केस घाईने वर बांधलेले, आणि तान्ह्या मुलाला घ्यावं तसं छातीशी धरलेलं एक कुत्रं, ज्याचे मागचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबताहेत, ज्याची मान तिच्या खांद्यावर विसावली आहे आणि ज्याचे पिवळसर तपकिरी डोळे आरशातून माझ्याकडे बघताहेत. आईच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आहेत. मी कोपऱ्यात, दप्तराचे पट्टे घट्ट धरून उभी आहे. नऊ मजले उतरायला लागतो तेवढाच वेळ, पण त्या बंद, थंड, धातूचा वास येणाऱ्या पेटीत तो नेहमी लांबत जायचा.

आमची इमारत जपानमध्ये, कोतोला, एका कालव्याच्या काठाला होती. बाबांचं ऑफिस तोयोसुला, दोन स्टेशनांवर. मी चार वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. इमारतीत कुत्री पाळायला परवानगी होती, पण लहान, दहा किलोच्या आतली. आणि लिफ्टमध्ये, तळमजल्यावरच्या दालनात त्यांना जमिनीवर पाय टेकू द्यायचा नाही, उचलूनच न्यायचं, असा नियम होता. नियमांचा छापील कागद आमच्या फ्रीजवर चिकटवलेला होता, कचरा वेगळा करण्याच्या तक्त्याशेजारी. आई तो कधी वाचत नसे. तिला ती अक्षरं येत नव्हती. मला यायची.

पिल्लू आलं ते शरद ऋतूत, किन्मोकुसेईच्या दिवसांत. त्या झाडांची नारिंगी फुलं शेंगदाण्याएवढीही नसतात, पण त्यांचा सुगंध गल्ल्याच्या गल्ल्या भरून टाकतो. झाड कुठे आहे ते दिसत नाही, वास मात्र पाठीमागून चालत येतो. अशाच एका संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले वयस्कर सहकारी, होशिनो-सान, संत्र्यांचं रिकामं खोकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले. चिबाला त्यांच्या वडिलांची शेती होती, तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. "आई लहानखुरी आहे," ते म्हणाले, "हेही लहानच राहील." बापाबद्दल कुणी विचारलं नाही. खोक्यात जुन्या टॉवेलवर एक ऊबदार गोळा झोपला होता, आणि त्याला दुधाचा, गवताचा आणि किंचित संत्र्याचा वास होता.

ते माझ्यासाठी आणलं होतं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि घरात बोलेनाशी झाले होते. शाळेत मी 'रेबा-चान' होते, कारण तिथे कुणाच्या जिभेला 'व' वळत नसे. आणि पाहता पाहता मला रेबा हेच माझं नाव वाटायला लागलं. आई स्वयंपाकघरातून "रेवाऽ" अशी हाक मारायची – शेवटचा आकार लांबवून, जिन्यावरून खाली सोडलेल्या दोरीसारखा – आणि मी वहीतून मान वर काढत नसे. काढलीच तर "चोत्तो मात्ते", थांब जरा, एवढंच. आई थांबायची. दिवसभर ती थांबतच असायची: बाबांसाठी, माझ्यासाठी, वाळत घातलेल्या कपड्यांसाठी. घरात एक जीव आला तर मुलगी बोलती होईल, असं बाबांना वाटलं होतं.

पिल्लू वाढू लागलं. सगळीच पिल्लं वाढतात, पण याचं वाढणं वेगळं होतं. ते डोळ्यांदेखत होत नसे, पाठ फिरवली की व्हायचं. सकाळी शाळेत जाताना ते चपलांच्या कपाटाखाली मावायचं आणि दुपारी परत यावं तर त्याचा अर्धा भाग बाहेर. गळपट्टा दर पंधरा-वीस दिवसांनी बदलावा लागे. पंजे आधी मोठे झाले, मग कान, मग पाय, आणि प्रत्येक वेळी वाटे की आता बाकीचं शरीर त्यांना गाठेल आणि हे सारं थांबेल... पण गाठेपर्यंत पंजे पुन्हा पुढे निघून गेलेले असत. बाबा रविवारी त्याला कवेत घेऊन न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभे राहत आणि आपलं वजन वजा करत. पहिल्या महिन्यात ते हसून आकडा सांगत. पुढे नुसतेच काट्यावरून उतरत.

ते भुंकत नसे. नोव्हेंबर सरत आलेल्या थंडीत, साडेचारला वॉर्डाच्या भोंग्यांवर मुलांनी घरी परतावं म्हणून धून वाजे, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींतली कुत्री एकेक करून केकाटत. आमचं पिल्लू फक्त उठून बसायचं आणि दाराकडे बघत राहायचं. मी घरात असले तरी दाराकडेच. जणू त्या वेळी कुणी यायचं राहिलंय, आणि ते कुणी म्हणजे मी नव्हे.

बाबांनी कागदोपत्री त्याचं नाव तारो लावलं होतं. आई त्याला पिल्लू म्हणे. दोन्ही नावांना त्याने कधी ओ दिली नाही, कानही हलवला नाही. आणि मग एका दुपारी आईने मला हाक मारली. मी चित्र रंगवत होते. स्वयंपाकघरातून "रेवाऽ" आलं, हिंगाच्या फोडणीचा वास आला, आणि मी हलले नाही. माझ्या पाठीमागून पिल्लू उठलं, लाकडी जमिनीवर नखांचा जराही आवाज न करता चालत गेलं आणि आईच्या पायांशी जाऊन बसलं.

आई खळखळून हसली. किती दिवसांनी हसली होती ती. "बघ गं," ती बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्याऐवजी हाच आला." मीही हसले असेन. पण दुसऱ्या दिवशीही तोच गेला. तिसऱ्या दिवशीही. पिल्लू केव्हा 'ते'चं 'तो' झालं, तेही मला सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात माझे दुधाचे दात पडत होते, आणि त्याचेही. त्याचे दात अंथरुणाच्या घड्यांत सापडत, गालिच्यात रुतलेले सापडत. आईने ते टाकले नाहीत. माझे दात ती कुंकवाच्या एका जुन्या डबीत ठेवत असे, त्याच डबीत तिने त्याचेही ठेवले. एकदा ती कपडे वाळत घालत असताना मी डबी तळहातावर उपडी केली. टोकदार ते त्याचे, बोथट ते माझे, हे उघडच होतं. पण एक दात मधलाच होता – ना टोकदार, ना बोथट. तो मी जिभेने हिरडीतल्या खळग्याशी लावून पाहिला. बसतो आहे असंही वाटलं, नाही असंही. मान वर केली तर तो दाराच्या चौकटीत उभा होता. तोवर त्याची पाठ माझ्या कमरेला लागत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शाळा लवकर सुटली. कालव्यावर धुकं होतं, पाण्याला गंजाचा वास येत होता. आमच्या दाराशी पोचले आणि बेलवर बोट ठेवणार, तोच आतून आईचा आवाज आला. ती बोलत होती – सलग, मोकळं, मराठीत, मी कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं तसं. आजोबांच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल, कोथरूडच्या घरासमोर उंच इमारत होऊन गॅलरीतलं ऊन कसं गेलं त्याबद्दल. "आणि रेवा, मी आजोबांना सांगितलं, की आम्ही येऊ उन्हाळ्यात. येऊ ना गं आपण?" मग ती थांबली. कुणी उत्तर देत असताना थांबावं तेवढा वेळ थांबली. आणि म्हणाली, "हो ना. मला पण तसंच वाटतं."

मी दाराबाहेर, आणि आत रेवा होती.

मी बेल दाबली. पावलं आली. आईने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं... एक क्षण, फार तर दोन. खालच्या मजल्यावरचं एखादं मूल चुकून आपल्या दाराशी आल्यावर आपण बघतो तसं सौम्य, परकं पाहणं होतं ते. मग तिचा चेहरा परत आला. "अगं, आज लवकर?" तिच्या मागे, दिवाणखान्याच्या मध्यावर, माझ्या बसायच्या चौरंगाशेजारी तो बसला होता, आणि दाराकडे बघत नव्हता. त्या दिवशी त्याला कुणाची वाट पाहायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी तळमजल्यावरच्या व्यवस्थापकांच्या खिडकीशी थांबले. ते म्हातारे गृहस्थ मला नेहमी लिमलेटची गोळी देत. मी माझ्या सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नम्र जपानीत सांगितलं की नवव्या मजल्यावरचं आमचं कुत्रं सतरा किलोचं झालं आहे.

त्यांनी चष्मा काढला. "रेबा-चान, आईला माहीत आहे का तू हे सांगते आहेस?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी गोळी दिली. मी ती लिफ्टमध्येच खाल्ली, आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिले.

पुढच्याच रविवारी सकाळी होशिनो-सान छोटी व्हॅन घेऊन आले. बाबांनी गळपट्टा, वाडगा, जुना टॉवेल एका पिशवीत भरला. आईने त्याला उचललं. बाबा म्हणाले, "राहू दे, आज कोण बघतंय," पण तिने ऐकलं नाही, लिफ्टमधले नऊ मजले आणि ते लांबलचक दालन, सगळीकडे तिने त्याला छातीशी धरूनच नेलं. व्हॅनमध्ये तो निमूट बसला. होशिनो-सान आईसमोर वाकून म्हणाले, "तिथे पळायला जागा आहे, ओकुसान. काळजी करू नका."

व्हॅन निघाली. मागच्या काचेत त्याचं डोकं होतं, पुढे वळलेलं. आई रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिने हाक मारली, "रेवाऽ".

काचेतलं डोकं वळलं. आणि माझ्या तोंडून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, मराठी शब्द निघाला – "आले."

आईने माझा हात धरला. तिने ती हाक कुणाला मारली होती, हे मी विचारलं नाही.

तो चिबाला तेरा वर्षं जगला. दर नववर्षाला होशिनो-सानांचं कार्ड येई, त्यावर त्याचा फोटो: भाताच्या कापलेल्या शेतात उभा, मोठा, शांत, थेट बघणारा. बाबांचं कंत्राट संपून आई-बाबा पुण्याला परतले. मी इथेच शिकले, नोकरीला लागले, आता तोयोसुला राहते. मराठी बोलते, लिहितेही. गेल्या शरदात आई महिनाभर राहायला आली होती. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी फरसबी मोडत बसलो होतो, आणि वीस वर्षं मनात ठेवलेलं ते मी एकदाचं सांगून टाकलं – की व्यवस्थापकांना मीच सांगितलं होतं.

आईचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी त्यांनी बाबांना सांगितलं होतं. पण त्याआधीच ठरलं होतं गं. आदल्या दिवशीच मी बाबांना म्हटलं, होशिनो-सानना फोन करा, याला घेऊन जा म्हणावं."

"आदल्या दिवशी?"

"तू लवकर आलीस ना शाळेतून. मी दार उघडलं, आणि तुला काय म्हणून हाक मारायची तेच मला आठवेना." तिने पुढची शेंग उचलली. "नाव आतल्या खोलीत होतं, असं वाटलं. इतकी भ्याले मी. तुम्हा कुणाला सांगितलं नाही."

"पण तू त्याला माझ्या नावाने का बोलवायचीस, आई?"

तिने शेंगेची शीर ओढून काढली, बशीच्या कडेला ठेवली.

"तो यायचा," ती म्हणाली.

बाहेर खाडीवर ऊन होतं. आम्ही उरलेल्या शेंगा मोडून संपवल्या.

आई आता पुण्याला आहे, आणि रोज दुपारी, तिथलं जेवणखाण आटोपलं की, तिचा फोन येतो. मी बहुतेक लगेच घेते. एखाद्या दिवशी मीटिंग लांबते, हातातलं काम सुटत नाही, आणि फोन टेबलावर थरथरत राहतो – एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... आणि तेवढ्यात मला वाटतं की माझ्या पाठीमागे कुणीतरी, जराही आवाज न करता, उठून उभं राहिलं आहे. मी मागे वळून बघत नाही. घाईघाईने फोन उचलते आणि म्हणते, "हं आई, मी बोलतेय."