कान पुरेपर्यंत थांबणार कोण

उमरग्याच्या एका दवाखान्यात मी तपासणीसाठी रक्त काढायचं काम करते. लेकीसाठी घेतलेली सुट्टी दोनदा वाढवून झाली होती. शेवटी डॉक्टरांनी निरोप धाडला, एक तारखेला या, नाहीतर दुसरी मुलगी ठेवतो. लेक अडीच वर्षांची. तिला पाळणाघरात ठेवायचं की नोकरी सोडायची, एवढाच प्रश्न होता.

माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे आत्याबाईंकडे, त्याचं माप तयार होतं. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर बघायचे तसं: उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर तयार. दर चार दिवसांनी त्या लेकीला उभं करत आणि निकाल देत, "न्हाय पुरत अजून." शाळेच्या पोरांचं माप अडीच वर्षांच्या लेकराला लावायचं म्हणजे अतीच झालं! मी चिडले आणि चिडून दुसरीच चूक केली. तिला पाळणाघरात नेलं आणि सगळ्या जणी सांगतात तशी नजर चुकवून सटकले. तासाभरात फोन आला, घेऊन जा. पुढं आठवडाभर ती माझी ओढणी सोडेना, मोरीतसुद्धा मागं. 

मग गल्लीत एक लग्न निघालं. लेक पोरांबरोबर पंगतीत बसली. मी मांडवाच्या खांबाआड, शेजारी आत्याबाई. वाढणाऱ्याला तिनं स्वतः "वरण दे" म्हणून हाक मारली आणि आपल्या हातानं जेवली. उठून पळताना मांडवाच्या दोरीत पाय अडकून पडली, गुडघा खरचटला. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मी दिसले नाही. खांब धरून मी जागेवरच थांबले. ती रडतच शेजारच्या काकूंकडं गेली आणि गुडघा पुढं केला. काकूंनी फुंकर घातली. डोळे पुसून पोरगी परत खेळायला!

"आत्याबाई, कान राहू द्या, गुडघा बघा," मी म्हणाले. "माझ्याशिवाय गप झाली ती."

त्यांनी लांबूनच पोरीकडं पाहिलं. "व्हय की," म्हणाल्या, "लई धीट झाली."

एक तारखेला मी सटकले नाही. सरळ सांगितलं, मी कामाला चालले, चार वाजता येते. ती रडली. पण रडत रडत का होईना, तिनं पाळणाघरातल्या बाईंचं बोट धरलं. दवाखान्यात पहिलाच आला तो एक आडदांड ट्रक ड्रायव्हर. सुई बघून डोळे गच्च मिटून आईचा धावा करत होता. माझा हात जराही हलला नाही.

चारला धावतच पाळणाघर गाठलं. पोरं ओळीनं बसली होती, बाई चुरमुरे वाढत होत्या. लेकीनं मला पाहिलं आणि हात वर केला.

"आई, तू भाईर थांब. मी खायलेय."

मी मुकाट्यानं बाहेर पायरीवर जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. शेजारी एक अनोळखी बाई आपल्या पोराची वाट बघत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी मी सांगून टाकलं, "ती लाल फ्रॉकातली हाय ना, ती माझी."